कोरडा हात

वेंगुर्ल्याच्या बंदरावर सुहास आरोसकरने "ह्यॅ!" म्हटलं की पाटीतली सुरमई तिथल्या तिथे शिळी व्हायची. मासळी पहाटेच आलेली असो, कल्ले लालभडक असोत, डोळा आरशासारखा लखलखीत असो. हा उंच, सुकत टाकल्यासारखा माणूस तिच्याकडे चष्म्यावरून बघायचा, डावी भुवई चढवायचा आणि तो एक उद्गार सोडायचा. झालं. भाव उतरलाच. लिलावाच्या वेळी बेपारी त्याला मुद्दाम शेजारी उभा करत, आणि त्याचा संसार त्या एका अक्षरावर चालला होता. एकदा म्हणे एक पापलेट त्याच्या नजरेने इतकं शरमलं की आपणहून बर्फात शिरलं. बंदरावरचे लोक असं सांगतात, आणि बंदरावरचे लोक माशाबद्दल खोटं बोलले तर फक्त आकाराबद्दल बोलतात.

आईबापांनी नाव सुहास ठेवलं, हा त्या घरात झालेला शेवटचा विनोद. हा गृहस्थ उगवत्या सूर्याकडे बघून "रोजचोच" म्हणायचा. लेकीच्या लग्नात मांडवभर लोक रडत होते तेव्हा हा खांबाला टेकून मंडपाच्या गाठी किती ढिल्या मारल्यात ते बघत होता. बायको दर्शना तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं करायची, शेजारच्या चार घरांना वासानेच भूक लागायची. हा ताट चाटूनपुसून संपवायचा, हात धुवायचा आणि मग म्हणायचा, "ह्यॅ!"

असल्या माणसाचं जगात काय व्हायचं? बंदरावरच सुकून गेला असता. पण तेवढ्यात जिते पत्ते आले.

पत्त्यांचं कंपनीने ठेवलेलं नाव भलतंच भारदस्त होतं, ते कोणाच्या तोंडात बसलं नाही. पुठ्ठा जिवंत माशासारखा हातात सळसळतो म्हणून वेंगुर्ल्यात त्यांना जिते पत्ते म्हणू लागले. दिसायला साधाच, पंजात मावेल एवढा पत्ता. पण त्याच्या एका अंगावर कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ थर असायचा आणि सगळी करामत त्या थरात. त्याला बॅटरी लागत नसे. बोटाची ऊब आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावरच तो चालायचा. आता, माणूस दचकला, हरखला, चिडला की बोटांच्या टोकांवरची घामाची छिद्रं आपल्याला न विचारता उघडतात. कातडी किंचित ओली होते आणि तिच्यातून वीज जरा सहज वाहते. हे शास्त्रज्ञांना फार जुनं ठाऊक होतं. खोटारडे पकडायच्या यंत्रात ते वापरूनही झालं होतं. कंपनीने तेच पत्त्याला शिकवलं.

खेळणारा पत्ता हातात धरून मोठ्याने सांगायचा, की माझा वीर असा आहे, तो असा येतो, असा मारतो. पत्ता ऐकायचा आणि शाईचे रंगीत कण हलवून एक पुसट चित्र काढायचा. मग नाक जरासं लांब करून बघायचा. बोट शहारलं? राहू दे लांब. डोक्यावर शिंग काढलं, बोट गप्प? पुसून टाक. पोरं "जवळ, लांब, जवळ" ओरडत लपवलेली वस्तू शोधायला लावतात ना, तसा हा पत्ता बोटाच्या ओलीचा माग काढत खेळणाऱ्याच्या मनातलं चित्र शोधायचा. तोंड काय बोलतंय याच्याशी त्याला अर्धंच देणंघेणं. उरलेलं अर्धं बोट सांगायचं. आणि जितकी ओल मुरेल तितका पत्ता बलवान. दोघांनी समोरासमोर पत्ते टाकले की ज्याची ओल जास्त त्याची सरशी. कल्पना खोटी असेल, उसनी असेल, तर पत्ता पुठ्ठ्यासारखा पडून राहायचा.

शहरांतली मुलं हा खेळ कुजबुजत खेळायची. पण दशावतारी नाटकांच्या मुलखात, जिथे नट हातात एक कागद न घेता रात्रभर देव-दानवांना बोलत ठेवतात, तिथे कुजबुजणार कोण? वेंगुर्ल्याच्या बायकांनी पत्ते पडवीत आणले, पदर खोचले आणि संवाद सुरू केले. "अरे दुष्टा, माझ्या माडावर नजर टाकतंस?" इथपासून जे चालायचं ते दिवेलागणीपर्यंत. पत्त्यांत इतकी ओल मुरली की कंपनीच्या पुण्यातल्या माणसांना वाटलं, समुद्राच्या दमट हवेने यंत्र बिघडलं असावं. शिकलेली माणसं, त्यांना दुसरं काय सुचणार?

ओल आली तशी तिच्यावर माशाही आल्या. म्हणजे संग्राहक. हे लोक खेळत नसत. दुसऱ्याने जीव ओतून भिजवलेला पत्ता विकत घ्यायचा, हवाबंद काचेच्या डबीत घालायचा, डबी तिजोरीत घालायची आणि मग आपण काय थोर आहोत याचा फोटो काढायचा, एवढाच त्यांचा पुरुषार्थ. खेळायचा पत्ता न खेळण्यासाठी विकत घेणाऱ्याला मराठीत शब्द नाही, कारण आपल्या पूर्वजांना इतका मूर्ख माणूस सुचलाच नाही.

पण या मूर्खांपुढे एक पेच होता. पत्त्यात ओल किती, हे मोजायचं कसं? जिवंत बोट लागल्याशिवाय पत्ता उघडत नाही. रबरी बोट, तापवलेलं बोट, यंत्राचं बोट, सगळं करून झालं, पत्ता ढिम्म. आणि जिवंत बोट लावावं तर त्याची स्वतःची ओल पत्त्यात उतरते. बघणाऱ्याला हाव सुटली, हेवा वाटला, नुसतं "वा!" वाटलं तरी चित्र बदलतं. कंपनीने योगी आणले, शल्यविशारद आणले, जुगारी आणले. योगी तर सगळ्यात ओला निघाला. आपण शांत आहोत याचाच त्याला फार आनंद होत होता.

अशात कंपनीचा एक पोरगेला विक्रेता बंदरावर पत्ते दाखवायला आला आणि त्याने एक पत्ता सुहासच्या हातात दिला. पत्ता उघडला. चित्र दिसलं. आणि तसंच राहिलं. भुवई नाही, पापणी नाही, रेघ नाही, काही हललं नाही. पोराला वाटलं पत्ता मेला. दुसरा दिला, तिसरा दिला. सुहास प्रत्येकाकडे चष्म्यावरून बघत होता, शिळ्या मोरी माशाकडे बघावं तसं.

"ह्यॅ!" तो म्हणाला.

महिन्याभरात बंदरामागच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात कंपनीचं प्रमाणन केंद्र उघडलं. पुण्याला चला म्हणून त्याला पुष्कळ विनवलं. "गरज तुमका आसा," सुहास म्हणाला, "तुमी येवा." तेव्हा देशभरातले पत्ते डब्यांतून वेंगुर्ल्याला येऊ लागले. सुहास हात धुवायचा, बर्फाच्या लादीवर तळवा टेकायचा, पुसून कोरडा करायचा, आठवडाभर सडलेल्या बांगड्याचं क्षणभर स्मरण करायचा, पत्ता धरायचा आणि यंत्र त्यातली ओल वाचून दाखला द्यायचं. लोक त्याच्या हाताला कोरडा हात म्हणू लागले. कंपनीच्या कागदांत त्याचं नाव 'शून्य' असं होतं. एरवी कोणी शून्य म्हटलं तर माणूस अंगावर जाईल. हा मान ताठ करून चालू लागला.

इथवर ठीक होतं. जन्मजात तुच्छता ही त्याची संपत्ती, तो तिच्यावर जगत होता. पण हळूहळू तो तिला जपू लागला, आणि जपायला लागला तिथे घोळ झाला. जत्रेत जाईना, न जाणो, दशावतारातला एखादा संकासुर हसवील. रेडिओ बंद केला. लेक बाळंत झाली तेव्हा दोघं म्हापशाला गेली. दर्शनाने दुपट्यातली नात त्याच्यापुढे धरली. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको," तो म्हणाला. "हात ओलो होतलो."

लेकीने बाळ परत घेतलं.  त्या दिवसापासून दुपारी दर्शना घरात दिसेनाशी झाली. शेजारच्या बेबीताईंच्या पडवीत पत्ते खेळायला बसू लागली.

*

कंपनीच्या डॉक्टर सायली हर्डीकर पुण्याहून आल्या त्या एक प्रस्ताव घेऊन. अंगाने बारीक, बोलायला झटपट, आणि स्वतःच्या यंत्रावर इतका विश्वास की जेवताना मीठ कमी आहे की जास्त हेही त्यांनी यंत्रालाच विचारलं असतं.

"आरोसकर, तुम्ही किती वर्षं पुरणार?" त्यांनी सरळ विचारलं. "तुमच्यानंतर आम्ही काय करायचं? म्हणून तुमच्या हाताची एकदा पूर्ण नोंद घ्यायची आणि तेच शून्य यापुढे प्रत्येक पत्त्याच्या थरात छापायचं, म्हणजे पत्ता स्वतःच त्यावरून ओल मोजेल. कायमचं. टोकियोत पत्ता बनला तरी त्यातलं शून्य तुमच्या हाताचं असेल."

सुहासला आतून काहीतरी झालं असतं, पण त्याने वेळीच बांगडा आठवला.

"मगे करा," तो म्हणाला.

"एक चाचणी द्यावी लागेल. एकाही डावात न हरलेला, आम्हाला सापडलेला सगळ्यात ओला पत्ता तुम्ही साक्षीदारांसमोर धरायचा. काटा हलला नाही तर नोंद पक्की. हलला, तर..." बाईंनी हात झटकले. "तर मग तुम्हीही इतरांसारखेच."

इतरांसारखे! सुहासला एवढी घाण शिवी उभ्या आयुष्यात कोणी दिली नव्हती.

घरी जेवताना त्याने हे दर्शनाला सांगितलं. सांगितलं म्हणजे आमटीच्या वाटीला उद्देशून बोलला. बायकोकडे बघून बोलायची सवय जाऊन त्याला कैक वर्षं झाली होती.

"उद्या चाचणी आसा. सगळ्या जगात माझो हात जातलो."

"जगात जातलो," दर्शना भात वाढता वाढता म्हणाली. "नातीपर्यंत काय जावक नाय."

"तुका काय कळता? पडवीत बसून पुठ्ठे आपटतंस."

"पुठ्ठे नाय ते. एकदा येवन बघा तरी. बसा चार बायकांत." तिने फळीवरचा चहाचा डबा उघडला आणि त्यातून एक कोरा पत्ता काढला, अजून कोणाचं बोट न लागलेला. "ह्यो तुमचो. कधीपास्ना ठेवलंय. धरून बघा, तुमच्या मनात काय येता ता."

"माझ्या मनात कायेक येना नाय."

"ताच बघूया म्हणतंय."

"ह्यॅ!"

दर्शनाने पत्ता डब्यात ठेवला, झाकण लावलं. "आमटी कशी झाली?" तिने विचारलं.

वाटी रिकामी होती. सुहास हात धुवायला उठला होता.

बाहेर पडला तर बेबीताई कुंपणाशी उभ्या. या बाईच्या तोंडाला कुलूप नव्हतं, कडीही नव्हती. त्याला बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

"काय गो, हसतंस कित्याक?"

"काय नाय, दादानू. तुमी आमच्या घरात रोज येतात, म्हणान हसतंय."

"मी? तुझ्या घरात? कधी?"

"रोज दुपारी," बेबीताई म्हणाल्या आणि हसता हसता खोकल्या. "येतात आणि सगळ्यांका मारून जातात!"

बाई वेडी आहे हे सुहासला आधीपासून ठाऊक होतं. तो पुढे गेला. पण त्या दिवशी बाजारात, बंदरावर, तिठ्यावर ज्याने त्याने त्याच्याकडे बघून ओठ दाबले. त्याला वाटलं, चाचणीची बातमी फुटली. लोकांना हेवा वाटतोय. लोकांना दुसरं येतं काय?

*

बर्फाच्या कारखान्यात खुर्च्या मांडल्या होत्या. साक्षीदारांत ओंकार रणपिसे होता. पुण्यातला मोठा संग्राहक, हातात पांढरे मोजे, गळ्यात भिंग, आणि चेहऱ्यावर आपण स्वतःही काचेच्या डबीतच जन्मलो असा भाव. त्याच्याकडे इतके पत्ते होते की ते ठेवायला त्याने वेगळं घर घेतलं होतं. एकही पत्ता तो कधी खेळला नव्हता. लहानपणी तरी खेळला असेल, असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, "छे, तेव्हा मी बचत करत होतो."

"आरोसकर, सांभाळून हं," रणपिसे म्हणाला. "या पत्त्याची नुसती कीर्ती ऐकून आमच्या मंडळातले दोघेजण रडले. मी हा घेणारच आहे. मालक कोण ते कंपनी सांगत नाही, पण आज कळेलच."

"मालकाने परत मागितलाय," हर्डीकरबाई म्हणाल्या. "उधार आणलाय आपण. दुपारी त्यांचा डाव आहे."

"डाव!" रणपिसे ओरडला. "असा पत्ता घेऊन खेळणार? घामट हातांनी?"

सुहासने हात धुतले. बर्फाच्या लादीवर तळवा टेकला, पुसून कोरडा केला. बांगड्याचं स्मरण केलं. आज मुद्दाम जरा जास्तच सडका बांगडा निवडला. बाईंनी त्याच्या मनगटाला तार लावली. भिंतीवर मोठा काटा होता, शून्यावर झोपलेला. बाईंनी डबी उघडली आणि पत्ता उताणा त्याच्या तळहातावर ठेवला.

पत्ता जागा झाला.

आधी आलं ते लालजर्द आकाश, मग त्यात सुरकुतलेला सूर्य, सुकत टाकलेल्या आमसुलासारखा. मग माड, सगळे माना टाकलेले. मग एक समुद्र, लाजून मागे सरकलेला. आणि या सगळ्याच्या मध्ये एक राक्षस उभा राहिला. दशावतारातल्यासारखा जरीचा अंगरखा, डोक्यावर तिरका मुकुट. हातात एक सुरमई, शेपटीला धरून अंगापासून लांब केलेली. जिकडे त्याची नजर जाई तिकडचं सगळं वाळत होतं.

काटा हलला नाही.

"याला खेळणारे लोक ह्यॅकासुर म्हणतात," हर्डीकरबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "समोरच्या कुठल्याही वीराकडे हा नुसता बघतो आणि त्याची ताकद अर्धी होते. आजवर हरलेला नाही."

बरा काढलाय, सुहासला वाटलं. शहाण्या माणसाने काढलेला दिसतो. काटा अजून निपचित. साक्षीदारांनी श्वास धरला होता. आणखी थोडं, की जगभरच्या पत्त्यांत आपण.

मग त्याला राक्षसाचा चष्मा दिसला. नाकाच्या टोकावर घसरलेला, आणि उजव्या काडीला निळा दोरा गुंडाळलेला.

सुहासच्या चष्म्याच्या उजव्या काडीला निळा दोरा होता. दर्शनानेच गुंडाळला होता तो, काडी तुटली तेव्हा.

काटा किंचित थरथरला. बाईंनी वर बघितलं. सुहासने बांगडा आठवला. बांगडा आला नाही. तो पत्त्याकडे बघत राहिला. राक्षसाच्या हनुवटीवर गळ लागल्याचा जुना व्रण होता. डावी भुवई उजवीपेक्षा वर. गळ्याजवळचं बटण एक घर चुकवून लावलेलं. ते सुहास रोजच तसं लावायचा आणि आपण तसं लावतो हे त्याला या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. कानाच्या पाळीवरचा पांढरा केस. आपल्या कानावर असा केस आहे? त्याचा मोकळा हात आपोआप कानाकडे गेला. होता.

आणि नाक! हे एवढं? माणसाचं नाक आहे का सुरमईची पाटी? राग त्याच्या तळपायातून निघाला तो गुडघ्यावर, पोटात, छातीत, आणि कुठे थांबायचं हे त्या रागाला माहीत नव्हतं, कारण या घरात तो पहिल्यांदाच आला होता. आयुष्यभर सुहासने जगाला तुच्छ लेखलं. त्याला कोणी तुच्छ लेखील हे त्याच्या गणितातच नव्हतं. आणि इतकं बारकाईनं? बटणासकट?

"ह्यॅ!" तो ओरडला.

तिथेच चुकला. पत्त्याला कान होते. हा उद्गार पत्त्याने आजवर मालकाच्या तोंडून, नक्कल म्हणून ऐकला होता. आता अस्सल कानावर आला. राक्षस दचकला. त्याने मान वळवली, चष्म्यावरून थेट सुहासकडे बघितलं, भुवई आणखी चढवली आणि तोंड उघडून हुबेहूब तसंच "ह्यॅ" केलं. सुहासचं बोट घामाने निथळलं. काटा शून्यावरून उठला, भिंतभर फिरला आणि टोकाच्या खिळ्याला आपटून वाकला.



"अरे, ओल वाढली!" रणपिसे नाचायलाच लागला. "दुप्पट झाली! आरोसकर, हात काढू नका, अजून चिडा! बाई, त्यांना आणखी काहीतरी बोला!"

हर्डीकरबाईंनी तार सोडली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तोळ्याच्या वजनाला गंज दिसल्यावर सोनार बघेल तसं त्यांनी त्याच्या हाताकडे बघितलं.

"तुम्हीसुद्धा," त्या म्हणाल्या.

सुहासने पत्ता सोडला नाही. "कोणाचो ह्यो पत्तो?"

"आता लपवून काय उपयोग? मालकीणबाई बाहेरच थांबल्यात." त्यांनी कागद बघितला, मग पुन्हा बघितला, आणि त्यांचा आवाज बदलला. "दर्शना आरोसकर. आरोसकर, या तुमच्या कोण?"

*

दर्शना कारखान्याच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. सुहास पत्ता हातात घेऊन बाहेर आला. मागून रणपिसे धावत, हातात उघडी डबी.

"ताई, ताई! तुम्ही म्हणाल ते देतो. फक्त याला आता कोणी हात लावू नका. हा असाच जपून ठेवायला हवा."

दर्शनाने डबी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली. "ह्येच्यात ठेवतलात?"

"हवाबंद आहे. काहीच होणार नाही त्याला."

"ताच तर," ती म्हणाली. "जितो हा तो. काय होवक नाय तर मरतलो." तिने डबी परत केली. "तुमका खेळूक येता?"

रणपिसेने मोजे वर ओढले. "मी... मी संग्राहक आहे."

"बरा. आमच्या बेबीच्या पडवीत सांडगे वाळत घालूक ताटा कमी पडतत. ही डबी देतलात तर द्या."

दोघं घराकडे निघाली.  तिठ्यावर लोकांनी सुहासच्या हातातला पत्ता बघितला, त्याचा चेहरा बघितला, आणि या वेळी ओठ दाबायची तसदीही घेतली नाही.

घरात शिरल्यावर त्याने पत्ता ओट्यावर आपटला. "तू माका राक्षस केलंस!"

"मी खंय केलंय? मी तुमचा नाव पण घेतलंय नाय." दर्शना पिशवीतून कोथिंबीर काढत होती. "मी म्हटलंय, एक राक्षस येता, तो बघता ता सगळा सुकान जाता. पत्तो नाक काढूक लागलो. बोटाक इचारल्यान, ह्या? ह्या? बोटान होय म्हटल्यान, मी काय करू? चष्मो बघलंय तेव्हा माकाच हसू इला."

"आणि बटण?"

"ता रोज बघतंय." ती जुडी निवडायला बसली. "तुमी घराभायर पडतात तेव्हा रोज वाटता, सांगू. मगे वाटता, सांगलंय तर ह्यॅ म्हणतले."

सुहासने गळ्याशी हात नेला, बटण सोडलं, नीट लावलं. त्याचा हात ओला होता. शर्टाला डाग पडला. उद्यापासून कारखान्यात काम नव्हतं. जगभरच्या पत्त्यांत दुसऱ्या कोणाचं शून्य जाणार होतं, किंवा कोणाचंच नाही. बंदरावर परत गेला, तरी आता कोणती सुरमई याला भिणार?

"नाक येवढा नाय हा माझा," तो शेवटी म्हणाला.

"आसा."

"तू माझा काढलंस, तर मी तुझा नाक काढतंय. बघ मगे."

दर्शनाने त्याच्याकडे मान वळवली, फळीवरून चहाचा डबा उतरवला आणि कोरा पत्ता त्याच्यापुढे टाकला. "काढा."

सुहासने पत्ता धरला. पत्ता उमलला, पांढरा, वाट बघणारा. "एक राक्षशीण येता," तो ठसक्यात म्हणाला, "तिचा नाक..."

पत्त्याने एक नाक काढलं. चपटं. बोट गप्प. पुसलं. मग सरळ काढलं. बोट गप्प. मग चाफेकळी, मग पोपटाच्या चोचीसारखं, मग बसकं. पत्ता बिचारा एकेक नाक काढून विचारत होता आणि सुहासच्या बोटाला एकाही नाकाची ओळख पटत नव्हती. डोळे काढले, डोळे कसे होते? कपाळावर काही होतं का? तीळ होता की काय कुठेतरी? इतकी वर्षं समोर ताट वाढणारा एक हात त्याला नीट आठवत होता, कोपरापर्यंत. त्याच्या वर काही नव्हतं. पत्ता थकून पांढरा झाला.

बाहेर बेबीताईंची हाक आली. "दर्शने, येतंस मा? सगळी बसली!"

"इलंय गो!" दर्शनाने ह्यॅकासुर पिशवीत टाकला आणि उठली.

"थांब जरा," सुहास म्हणाला.

"कित्याक?"

"इकडे बघ." त्याने चष्मा वर सरकवला. "उजेडात ये. हां. हलू नको."

दर्शना दारात थांबली. तो तिच्याकडे बघू लागला, आधी मासळीकडे बघावं तसा, सवयीने. मग ती सवय कुठेतरी घसरली. भुवई खाली आली. पत्त्यावर एक रेघ उमटली. बोट शहारलं. रेघ राहिली. शेजारी दुसरी आली, मग नाकाच्या डाव्या बाजूला एक बारीक खळगी, देवीची की कांजिण्यांची कोण जाणे, आणि तिथे बोट असं ओलं झालं की शाई फुगली.

"झाला," तो म्हणाला. कपाळाला घाम होता. "बघ. ह्या तुझा नाक."

दर्शना जवळ आली. वाकून पत्ता बघितला. डावी भुवई वर चढवली, चष्मा नव्हता तरी चष्म्यावरून बघितल्यासारखं केलं आणि बराच वेळ लावला.

"ह्यॅ!" ती म्हणाली, आणि त्याला खेळायला घेऊन गेली.